रोमचे चित्र, फ्लॉरेन्सचा दगड आणि गोव्याची चांदी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इटलीतील एका जुन्या चित्राविषयी लेख पाहून काही जणींना नवल वाटेल. कापूस, ज्वारी आणि सागवान ह्यांच्या ह्या जिल्ह्याचा रोमशी संबंध तो काय, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. परंतु त्या चित्रात ज्या माणसाचे मरण रंगविले आहे, त्याचा देह आजही गोव्यात एका चांदीच्या पेटीत आहे. ती पेटी गोव्याच्या कारागिरांनी घडविली. पेटीखालचा चौथरा इटलीतील फ्लॉरेन्स शहरातून गलबतावर चढून आला. आणि छत्रपती संभाजी महाराजांची फौज दाराशी येऊन ठेपली, तेव्हा पोर्तुगीज विजरईने आपला राजदंड त्याच पेटीत नेऊन ठेवला होता. गोव्याच्या सहलीत आपल्या भगिनी ते देऊळ पाहतात, हात जोडतात आणि पुढच्या गाडीला उशीर नको म्हणून लगबगीने बाहेर पडतात. ज्या वस्तूपुढे आपण उभ्या राहतो, तिच्यामागे किती देशांचे हात आणि किती लोकांची दुःखे आहेत, हे थोडे जाणून घेतले तर पाहण्याला अर्थ येईल.

प्रथम त्या माणसाची ओळख. फ्रान्सिस झेवियर ह्याचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी स्पेनच्या उत्तरेकडील नाव्हारे प्रांतात, एका सरदार घराण्यात झाला. पॅरिसला शिकत असताना इग्नेशियस लोयोला ह्याच्याशी त्याची गाठ पडली आणि दोघांनी इतर सोबत्यांसह जो संघ उभारला, तोच पुढे जेझुइट म्हणून जगभर पसरला. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यास उतरला. पुढची दहा वर्षे तो दक्षिणेच्या कोळी वस्त्यांत, मलाक्का आणि मोलुक्का बेटांत व जपानात हिंडत राहिला. शेवटी चीनमध्ये शिरण्याच्या ओढीने तो चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान ह्या बेटावर येऊन थांबला. परक्या माणसाला चीनमध्ये पाऊल ठेवण्याची बंदी होती. चोरून नेण्याचे कबूल केलेल्या गलबताची वाट पाहता पाहता त्याला ताप चढला, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी एका झोपडीत त्याने प्राण सोडला. वय अवघे ४६. त्या वेळी त्याच्या उशाशी आंतोनियो नावाचा एक चिनी तरुण होता. त्या मरणाची हकीगत जगाला कळली ती मुख्यतः ह्या आंतोनियोच्या सांगण्यावरून.

देह चुन्यात पुरला होता. काही आठवड्यांनी तो उकरला तेव्हा कुजलेला नव्हता, असे पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले. तो आधी मलाक्काला व तेथून गोव्यास नेण्यात आला. मार्च १५५४ मध्ये तो गोव्यास पोहोचला तेव्हा दर्शनासाठी सारे शहर लोटले. गर्दीतील एका पोर्तुगीज बाईने पायाचे चुंबन घेण्याच्या निमित्ताने पायाचे बोट दातांनी तोडून नेले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. भक्तीचा हा प्रकार आपल्याला विचित्र वाटेल. पण देवाची वस्तू आपल्या घरी असावी ही हाव कोणत्याही धर्माच्या माणसाला नवी नाही. पुढे १६१४ मध्ये संघाच्या श्रेष्ठींच्या आज्ञेने उजवा हात कोपरापासून अलग करून रोमला पाठविण्यात आला. १२ मार्च १६२२ रोजी पोपने झेवियरला संतपद दिले. त्याच दिवशी संतपद मिळालेल्या पाच जणांत आविलाची तेरेसा ही स्पेनमधील जोगीणही होती. मठांची नवी घडी बसविणारी आणि स्वतः ग्रंथ लिहिणारी ही स्त्री होती, हे आपल्यासारख्या वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या स्त्रियांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता चित्राकडे वळू. त्यासाठी त्या काळच्या युरोपातील एक भांडण समजून घेतले पाहिजे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर व इतर सुधारकांनी रोमच्या पोपविरुद्ध बंड केले. त्यांच्यातील कित्येकांचा देवळांतील मूर्तींना आणि चित्रांना विरोध होता, आणि अनेक गावी त्यांनी त्या फोडल्या. आपल्याकडे सगुण आणि निर्गुण ह्यांचा वाद संतांनी शतकानुशतके प्रेमाने घातला. तिकडे त्याच जातीच्या वादातून युद्धे पेटली. आपल्या यवतमाळात १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रॉटेस्टंट पंथाची धर्मशिक्षण देणारी संस्था होती. १९८३ मध्ये ती पुण्यास गेली. प्रॉटेस्टंट मंडळींच्या प्रार्थनामंदिरांत भिंती साध्या असतात आणि सारा भर पुस्तकावर व प्रवचनावर असतो. जुन्या गोव्यातील देवळांत मात्र सोनेरी वेदी, मूर्ती आणि चित्रे ह्यांची दाटी असते. एकाच धर्माच्या दोन घरांतील हा फरक त्या जुन्या भांडणातून आलेला आहे.

रोमच्या बाजूच्या धर्मसभेने १५६३ मध्ये ट्रेंट येथे निर्णय दिला. चित्रे आणि मूर्ती राहतील, त्यांचा मान राखला जाईल, परंतु तो मान लाकडाला वा रंगाला नसून ज्याचे ते चित्र आहे त्याला आहे, असा त्याचा आशय होता. मूर्तिपूजेविषयी आपल्या आज्या दुसरे काय सांगत असत? निरक्षरालाही धर्म कळावा, पाहणाऱ्याचे मन हलावे, हे चित्रकाराचे काम ठरले. ह्या गरजेतून पुढच्या दीडशे वर्षांत जी शैली बहरली, तिला बरोक म्हणतात. हे नाव बेढब मोत्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आले असे मानतात. गोल, शांत, तोललेल्या मोत्याऐवजी वाकडा, चमकणारा, हाती घेताच नजर वेधणारा मोती! ह्या चित्रांत माणसे उभी राहत नाहीत, ती झेपावतात. वस्त्रे वाऱ्याने फुगतात. प्रकाश एका बाजूने तिरपा येतो आणि बाकीचे अंधारात बुडते. उत्तररात्री कीर्तन रंगात येऊन बुवांनी एकदम टिपेचा सूर लावावा, तसा ह्या चित्रांचा परिणाम होतो.

ह्या शैलीतील एक मोठा चित्रकार म्हणजे जोव्हान्नी बात्तिस्ता गाउल्ली. लोक त्याला बाचिच्चो म्हणत. जेनोवा बंदरात १६३९ मध्ये तो जन्मला. १६५७ च्या प्लेगने त्याचे आईबाप आणि भावंडे नेली, आणि हा पोरका मुलगा रोमला आला. तेथील ख्यातनाम शिल्पकार बेर्निनी ह्याने त्याचे गुण ओळखले आणि त्याला हाताशी धरले. बेर्निनी १६५८ पासून जेझुइटांसाठी सांत आंद्रेआ अल क्विरिनाले हे लंबवर्तुळाकार छोटे देऊळ बांधीत होता. त्यातील झेवियरच्या देवळीसाठी गाउल्लीने १६७६ मध्ये ‘संत फ्रान्सिस झेवियरचा मृत्यू’ हे चित्र काढले.

चित्रात संत जमिनीवर पडला आहे. अंगात काळा झगा, हातात क्रूस, चेहरा पांढराफटक पडून वर वळलेला. खालचा भाग गरिबीचा आणि काळोखाचा आहे, तर वरच्या बाजूस आकाश उघडून देवदूतांचा मेळा प्रकाशासह उतरतो आहे. मरणारा माणूस आणि उतरणारा प्रकाश ह्यांच्यामध्ये वितभर अंतर आहे. सारे चित्र त्या वितभर अंतरावर उभे आहे. ज्याने सतरा-अठराव्या वर्षी घरातील सारी माणसे मातीआड केली, त्याच्या हातून मरणाचे चित्र इतके हळुवार उतरावे, ह्यात आश्चर्य नाही.

हे चित्र कोणासाठी होते, हेही पाहिले पाहिजे. ते देऊळ जेझुइट संघात नव्याने दाखल झालेल्या तरुणांचे होते. हे विशी-पंचविशीचे मुलगे रोज त्या देवळात प्रार्थनेला बसत. त्यांच्यातील काहींना पुढे भारत, चीन, जपान येथे पाठविले जाणार होते, आणि गेलेल्यांपैकी पुष्कळ परत येत नसत. म्हणजे त्या चित्रात त्यांना त्यांचा उद्याचा दिवस दाखविला जात होता. ‘तुलाही असेच परक्या किनाऱ्यावर, आईबापांपासून दूर मरावे लागेल. पण पाहा, ते मरण एकटेपणाचे नाही,’ असे ते चित्र बोलत असे. त्या मुलांच्या मनाला त्याने धीर दिला असेल. त्यांच्या आयांचे काय झाले असेल, ह्याविषयी मात्र चित्र काही सांगत नाही.

ह्याच सुमारास रोममधील जेझुइटांच्या मुख्य देवळात, म्हणजे ‘जेझू’ देवळात, झेवियरची मोठी वेदी उभी राहिली. पिएत्रो दा कोर्तोना ह्याच्या आराखड्याप्रमाणे ती बांधली, आणि तिच्यावरचे चित्र कार्लो मारात्ता ह्याने काढले. विषय तोच, संताचा मृत्यू. गोव्याहून गेलेला उजवा हात तेथेच ठेवलेला आहे. त्या देवळाच्या छतावरील येशूनामाच्या विजयाचे प्रचंड चित्र गाउल्लीचेच. ते १६७९ मध्ये पुरे झाले. रोमच्या देवळाचे नाव ‘जेझू’ आणि गोव्याच्या देवळाचे ‘बॉम जेझूस’, म्हणजे चांगला येशू. एकाच नावाच्या दोन देवळांत एकाच माणसाचा देह विभागला गेला. रोमचे चित्रकार गोव्याला कधी आले नव्हते. त्या काळच्या युरोपातील पुष्कळ चित्रांत तर पूर्वेकडील भारतीय आणि अमेरिकेतील मूळ रहिवासी ह्यांच्यात फरकच केलेला नसतो. दोघांच्याही डोक्यावर पिसांचे मुकुट! आपण त्यांच्यासाठी दूरच्या दंतकथेतील माणसे होतो.

आता गोव्यास येऊ. बॉम जेझूसचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ते देऊळ पवित्र करण्यात आले. १६३० नंतरच्या दशकात मार्चेल्लो मास्त्रिल्ली नावाचा नेपल्सचा एक पाद्री गोव्यास आला. जिवावरच्या दुखण्यातून झेवियरने आपल्याला वाचविले अशी त्याची श्रद्धा होती. त्याच्या पुढाकाराने संतासाठी चांदीची पेटी करण्याचे ठरले आणि १६३६-३७ मध्ये ती तयार झाली. मास्त्रिल्ली स्वतः पुढे जपानला गेला आणि १६३७ मध्येच नागासाकी येथे धर्मासाठी मारला गेला. पेटी मात्र राहिली. तिच्या चारी बाजूंना संताच्या आयुष्यातील प्रसंगांचे ३२ पत्रे आहेत. प्रसंग युरोपातील, आराखड्याची धाटणी इटलीची, पण पत्र्यावर पडलेले ठोके गोव्याचे.

भगिनींनो, हे काम आपल्याला परके नाही. आपल्या देव्हाऱ्यात कुलदैवताचे टाक असतात. चांदीचा पातळ पत्रा घेऊन, मागून ठोकून खंडोबाचा घोडा किंवा देवीचे आयुध वर उठवायचे आणि मग पुढून बारीक हत्याराने डोळे, दागिने, झालर रेखायची, हे आपले सोनार पिढ्यान्पिढ्या करीत आले आहेत. ती पेटी म्हणजे ह्याच विद्येचा मोठा विस्तार समजा. टाकात एक देव असतो. येथे समुद्र, गलबते, झाडे आणि माणसांचे घोळके पत्र्यावर उठविले आहेत.

ह्यात एक विलक्षण गोष्ट आहे. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मसभेने हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती देवळांच्या मूर्ती व वस्तू घडवू नयेत अशी बंदी घातली होती. ही बंदी पुनःपुन्हा घालावी लागली. त्यावरूनच ती पाळली जात नव्हती हे उघड होते. राज्यकर्त्यांना देव आपला हवा होता, पण हात शेजाऱ्याचेच लागत होते. पोर्तुगीज अंमलातील गोव्याच्या सोनारकामात हिंदू कारागिरांचा मोठा वाटा होता. पेटी घडविणारे ते हात कोणाचे, त्यांची नावे काय, हे पेटीवर कोरलेले नाही. गाउल्लीचे नाव रोमला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. चांदीवर ठोके घालणाऱ्याचे नाव मात्र कोणी सांगत नाही.

पुढचा प्रसंग प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई कोंदी द आल्व्होर, म्हणजे फ्रान्सिस्कु द ताव्होरा, ह्याने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजी महाराज स्वतः मदतीस धावून आले आणि फिरंग्यांना माघार घ्यावी लागली. नोव्हेंबर अखेरीस मराठ्यांनी गोवे शहराला लागून असलेले जुवे बेट घेतले. आता शहर वाचत नाही असे दिसू लागले. तेव्हा विजरई बॉम जेझूसमध्ये गेला. त्याने संताची पेटी उघडविली आणि आपला राजदंड व अधिकारपत्रे मृत संताच्या स्वाधीन केली. ‘हे राज्य आता तूच सांभाळ,’ असा त्याचा अर्थ. पुढे जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला आणि महाराजांना गोव्याचा वेढा सोडून मागे फिरावे लागले. गोवेकर पोर्तुगीजांनी ह्याचे श्रेय संताला दिले, आणि पुढे नव्या विजरईने संताच्या समाधीपाशी राजदंड स्वीकारण्याची रीत पडली. इतिहास पाहता गोवे वाचले ते मोगलांच्या येण्याने. गोव्याच्या दप्तरखान्यातील पोर्तुगीज कागद शोधून हा सारा व्यवहार उजेडात आणण्याचे मोठे काम पांडुरंग पिसुर्लेकर ह्यांनी केले. त्यांचे ऋण मराठी वाचकाने मानले पाहिजे.

ह्याच विजरईची दुसरी आज्ञा अधिक दूरवर घाव घालणारी होती. संकटातून सुटल्यावर काही महिन्यांनी, जून १६८४ मध्ये, त्याने हुकूम काढला की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भूमीत १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापून काढले होते, तेथेच सत्तर वर्षांच्या आत असा हुकूम निघाला. तो हुकूम यशस्वी झाला का? नाही. आज गोव्यात कोंकणी आहे आणि मराठीही आहे. भाषा कचेरीत लिहिली जाते, पण ती जगते चुलीपाशी, पाळण्यापाशी, जात्यापाशी. जिथे शिपाई पोहोचत नाही, तिथे आई बोलत असते. तीन वर्षांची मुदत घालणाऱ्या विजरईला हे कळले नाही.

आता फ्लॉरेन्सचा दगड. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो हा मेदिची घराण्यातील फार धार्मिक राजा. त्याने १६७० ते १७२३ पर्यंत राज्य केले. गोव्याच्या जेझुइटांचा प्रतिनिधी फ्रान्सिस्कु सार्मेन्तु ह्याने संताच्या डोक्याखालची उशी त्याला भेट दिली. त्या उशीच्या बदल्यात कोसिमोने गोव्यासाठी समाधीचा चौथरा करवून पाठविला. तो घडविणारा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी. ह्या कामाला सुमारे दहा वर्षे लागली असे सांगतात. फ्लॉरेन्समध्ये १५८८ पासून राजाश्रयाचा एक कारखाना होता. तेथे रंगीत कठीण दगड कापून, घासून, एकात एक बसवून फुले-पाने करीत. ताजमहालातील पच्चीकाम ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ह्या कामाची कल्पना येईल. चौथऱ्यात संगमरवर व जास्परसारखे रंगीत दगड आहेत, आणि चारी बाजूंना काशाचे चार ओतीव फलक आहेत. उपदेश, बाप्तिस्मा, शत्रूंपासून सुटका आणि मृत्यू हे त्यांचे विषय. मृत्यूच्या फलकाबरोबरच्या लॅटिन वाक्याचा भाव असा, की हा मावळताना अधिक मोठा झाला. गाउल्लीने कॅनव्हासवर जे सांगितले, तेच फोज्जिनीने धातूत सांगितले.

हा सारा चौथरा सुटा करून पेट्यांत भरला गेला आणि लिस्बनमार्गे समुद्राने गोव्यास आला. तो जुळविण्यासाठी प्लाचिदो रांपोनी नावाचा फ्लॉरेन्सचा कारागीर एका सोबत्यासह मुद्दाम आला. ह्या प्रवासाची त्याची रोजनिशी आज उपलब्ध आहे. १६९८ मध्ये त्याने चौथरा उभा केला, आणि गोव्याच्या कारागिरांनी साठ वर्षांपूर्वी घडविलेली पेटी त्यावर चढली. तेव्हापासून आजपर्यंत ती तेथेच आहे. खाली राजाचे दान, वर नाव नसलेल्यांचे काम. येणारा जाणारा फ्लॉरेन्सच्या दगडाची वाहवा करतो. परंतु मान वर करून पाहावे लागते ते गोव्याच्या चांदीकडे!

येथवर आपण सौंदर्य पाहिले. आता दुसरी बाजू न सांगणे म्हणजे इतिहासाशी लबाडी होईल. ज्या सत्तेच्या छायेत ही पेटी चमकली, तिनेच सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे पाडली. मंगेशी कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून खाडीपलीकडे अंत्रुज महालात न्यावी लागली ती त्यामुळेच. रात्रीच्या अंधारात देव उचलून नेणाऱ्या त्या घरांतील बायकांनी बरोबर काय घेतले असेल आणि काय मागे सोडले असेल? झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय स्थापन करावे असे सुचविले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये, स्थापन झाले. मधली थोडी वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले, आणि कित्येक घरे त्याने उद्ध्वस्त केली. हिंदूंप्रमाणेच नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाही त्याचा जाच झाला. जुन्या घरातील तुळस, लग्नातील गाणे, नेसण्याची रीत ह्यांवरही नजर ठेवली गेली. अशी नजर प्रथम स्वयंपाकघरावर आणि माजघरावर पडते, हे स्त्रियांना वेगळे सांगायला नको.

मग प्रश्न उभा राहतो की आपण त्या पेटीपुढे कोणत्या मनाने उभे राहावे? काही जण म्हणतील, पाहूच नये. काही म्हणतील, कला ती कला, मागचे कशाला उकरता? मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. न पाहिल्याने पाडलेली देवळे परत उभी राहत नाहीत, उलट आपल्याच सोनारांची विद्या तेवढी आपल्याला पारखी होते. आणि मागचे विसरून पाहिले, तर ज्यांनी सोसले त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो. दोन्ही गोष्टी एकाच मनात धरता येणे हीच इतिहासाची शिकवण होय. संसारात आपण हे रोज करतो. सासरच्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईने आपल्याला छळले असेल, तरी तिच्या हातची चव आणि तिने विणलेली गोधडी आपण मान्य करतोच. छळ विसरत नाही आणि गोधडीही फेकत नाही.

गोव्याच्या सामान्य माणसाने तर हा प्रश्न आपल्या रीतीने केव्हाच सोडविला. तेथे झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. दर वर्षी ३ डिसेंबरच्या फेस्ताला ख्रिस्ती लोकांबरोबर हिंदूही मेणबत्त्या घेऊन जातात. आपल्या आर्णीच्या बाबा कंबलपोशांच्या उरुसात सर्व धर्मांची माणसे दिसतात, त्यातलाच हा प्रकार. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांनाच आपल्या मुलुखातून हाकलून दिले. १८४३ मध्ये राजधानी पणजीला गेली आणि रोगराईने ओस पडलेल्या जुन्या गोव्यात देवळेच उरली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. विजरई गेले, राजदंड गेला. १९८६ मध्ये तेथील देवळांना जागतिक वारशाचा मान मिळाला. दर दहा वर्षांनी देह दर्शनासाठी खाली आणतात. अलीकडचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात झाले.

ज्या भगिनी पुढे गोव्यास जातील, त्यांनी बॉम जेझूसला थोडा अधिक वेळ द्यावा. बाहेरून ते जांभ्या दगडाचे, गिलावा नसलेले देऊळ दिसेल. तो गिलावा विसाव्या शतकात काढलेला आहे. आत शिरल्यावर सोनेरी वेदीने दिपून जाऊ नये. उजव्या बाजूच्या दालनात समाधी आहे. प्रथम खालचे रंगीत दगड पाहावेत, मग काशाचे फलक आणि त्यांतील मृत्यूचा प्रसंग. नंतर वर चांदीच्या पेटीकडे पाहावे. ती उंचावर असल्याने बारीक काम नीट दिसत नाही. छोटी दुर्बीण जवळ असल्यास उत्तम. आणि दुसऱ्या दिवशी मंगेशीला व कवळ्याच्या शांतादुर्गेला अवश्य जावे. ह्या तिन्ही ठिकाणांचे दर्शन मिळून एक इतिहास पुरा होतो. एकच पाहिले तर तो अर्धा राहतो.

इतका लांबचा पल्ला ज्यांना जमणार नाही, त्यांनी घरच्या घरीही एक काम करण्यासारखे आहे. आपल्या देव्हाऱ्यातील टाक कोणी घडविले, कोणत्या गावच्या सोनाराने, कोणाच्या लग्नात वा कोणत्या वर्षी, हे घरातील वृद्धांना विचारून एका वहीत लिहून ठेवावे. जुने दागिने, पितळेच्या समया, सागवानी देव्हारे ह्यांविषयीही तसेच करावे. आपल्या मंडळाने अशी एक नोंदवही ठेवली, तर पुढच्या स्मरणिकांना विषयाची उणीव पडणार नाही. फ्लॉरेन्सच्या रांपोनीने रोजनिशी लिहिली म्हणून त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे. गोव्यात पेटी घडविणाऱ्याने लिहिले नाही, आणि त्याच्या घरातील कोणी लिहून ठेवले नाही, म्हणून तो हरवला. कारागिरांची नावे जपण्याचे हे काम राजे करीत नाहीत, विजरई तर नाहीच नाही. ते घरातील कोणीतरी करावे लागते. आपण लिहावाचायला शिकलो त्याचे एवढे तरी चीज व्हावे.